घरात वातावरण नाही

"घरात वातावरण नाही," बाई म्हणाल्या आणि माझी वही आईसमोर टेबलावर आपटली.

मी चौथीत होते. आई मालाडच्या बाजारातून सरळ शाळेत आलेली. म्हावऱ्याची पाटी तिला गेटबाहेर ठेवायला लावली, वास येतो म्हणून. बाहेर मांजरी फिरत होत्या, त्यामुळे तिचं अर्धं लक्ष तिकडे. बाई खुर्चीत, आई उभी. बाजूला आणखी दोन बाई चहा पीत बसलेल्या. बाई माझ्या आईपेक्षा वयाने लहान असतील, पण आईला अगं-तुगं करत होत्या. तुझी मुलगी काही लिहीत नाही, वाचत नाही, फळ्याकडे बघत पण नाही, असं सगळं सांगून झालं. आईला त्यातलं अर्धं कळलं. मग बाईंनी ते वाक्य टाकलं.

आमच्या घरात 'वातावरण' हा शब्द रेडिओतून यायचा. बाबा होडीवर जायचे. वातावरण खराब म्हणजे दर्यात जाऊ नका. वातावरण ठीक म्हणजे डिझेल भरा, बर्फ भरा. या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे मनोरीच्या कोळीवाड्यात कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आईला वाटलं, बाई आपुलकीने विचारतायत. तिने खरंखरं उत्तर दिलं.

"नाय बाई, वातावरन बरा हाय. कालपासून वारा पन पडलाय. परवा होड्या जातील."

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग हसू फुटलं. चहा पिणाऱ्या एका बाईंच्या तोंडातला चहा साडीवर सांडला. आमच्या बाई हसता हसता टेबलावर हात मारत होत्या आणि दुसऱ्या वर्गातल्या सरांना हाक मारून बोलावत होत्या, की या, ऐका, ही काय म्हणते. आईला परत बोलायला लावलं. आई परत बोलली. तिला वाटलं, सरांनापण होड्यांचं जाणून घ्यायचंय.

परत येताना मार्व्याच्या फेरीबोटीत बसल्यावर तिने मला विचारलं, त्या का हसल्या गं? मला तरी कुठे माहीत होतं. पण हसणं कसलं होतं ते दोघींना कळलं होतं. त्यानंतर आई कधी माझ्या शाळेत आली नाही. रिझल्टला शेजारची काकी यायची. आणि शाळेत माझं नाव गेलं ते गेलंच. "ए वातावरण, इकडे ये." "ए वातावरण, फळा पूस." सर पण म्हणायचे. शाळा सोडेपर्यंत मी वातावरण होते.

हे मी लिहीत नाही, आधीच सांगते. फोनमध्ये बोलतेय, फोन लिहितोय. तो काय लिहितो त्यावर पण माझा भरवसा नाही. म्हणून त्यालाच परत वाचायला लावते आणि कान देऊन ऐकते. माझा तसा कशावरच पटकन भरवसा बसत नाही. कोणी हातात कागद घेऊन माझ्याकडे चालत आलं की मी दोन पावलं मागे सरते. आजही.

माझं काय व्हायचं ते सांगते. डोळे चांगले. खाडीपलीकडची होडी कोणाची ते मी इकडून ओळखायची. डोकं पण चालायचं. बाईंनी वाचून दाखवलेला धडा मला एकदा ऐकून पाठ व्हायचा. पण तोच धडा पुस्तकात समोर आला की गेला. भ आणि म मला सारखेच. घ आणि ध सारखेच. एका ओळीवरून घसरून खालच्या ओळीत कधी गेले ते कळायचं नाही. अक्षर ओळखलं तरी त्याचा आवाज आठवायला इतका वेळ लागायचा, की तोवर आधीचं अक्षर विसरलेली असायची. आणि मग सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसलेला.

बाईंकडे याचं उत्तर तयार होतं. कोळ्यांची भाषाच अशुद्ध. आम्ही पाणीला पानी म्हणतो, डोळ्याला डोला म्हणतो, ते खरंच आहे. आम्ही तसेच बोलतो, आमचे आजे तसेच बोलायचे. मला उभं करून "बाळ म्हण" म्हणायचे. मी "बाल" म्हटलं की वर्ग हसायचा. पण पानी म्हणणारी आमच्या वाड्यातली दुसरी पोरं धडाधड वाचायची ना! मग मला एकटीला का येत नव्हतं? हा प्रश्न कोणी विचारला नाही. बोलणं वेगळं आणि अक्षर न लागणं वेगळं. त्यांनी दोन्ही एकात कालवलं आणि वर नाव लावलं, कोळ्याची पोर. संपला विषय. नववीत मी शाळा सोडली. कोणी विचारायला घरी आलं नाही. बरं झालं, ब्याद गेली, असंच वाटलं असणार.

पुढे मी हुशार झाले. म्हणजे लपवण्यात. "चष्मा घरी राहिला" हे वाक्य मी चष्मा न लावता अर्धं आयुष्य वापरलं. औषधं रंगावरून लक्षात ठेवली. कोणी मेसेज टाकला तर "बोलून पाठव, हात ओले आहेत" म्हणायची. सही शिकले, ती पण चित्र काढतात तशी. नवऱ्याला माहीत होतं. तो मच्छीमार माणूस, त्याला त्यात काही वाटलं नाही. पण मला वाटायचं. रोज वाटायचं. कोणीतरी एक दिवस पकडणार.

मुलगी झाली, भूमी. ती घरी एकटी राहण्याएवढी मोठी झाली तेव्हा मी गोरेगावला एका टॉवरमध्ये कामाला लागले. कियारा नावाची नऊ वर्षांची मुलगी सांभाळायची. तिची आई दिवसभर ऑफिसात. आठवड्यातून काही दिवस कियाराला अंधेरीच्या एका सेंटरवर न्यायचं आणि तिच्यासोबत बसायचं, कारण तिथे शिकवलेलं घरी करून घ्यायचं होतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मॅडमला कोणीतरी येडं बनवतंय. एवढी मोठी एसी खोली आणि काय करतात, तर ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढतात. हातावर टाळ्या मारत शब्द तोडतात. मी म्हटलं, पैसेवाल्यांचे चोचले. ह्यांना कंटाळा येतो म्हणून आजार पण नवीन काढतात. मॅडम फोनवर मैत्रिणीला सांगायच्या, कियाराला एलडी आहे, लर्निंग डिसॅबिलिटी, पण आयक्यू खूप हाय आहे. तर मी मनात म्हणायचे, हो का, बरंय.

मग एकदा सेंटरच्या टीचरने कियारापुढे मराठीचा धडा ठेवला, तिच्या शाळेत मराठी सक्तीचं म्हणून. कियाराने 'घर'ला 'धर' वाचलं. मग ओळ चुकली. मग मानेला पेन्सिलीने खाजवलं. मग पाणी मागितलं. मग म्हणाली, पोटात दुखतंय.

मला घाम फुटला. हे सगळं माझं होतं. पाणी माझं, पोटदुखी माझी, मानेचं खाजवणं पण माझं. मी याच क्रमाने करायची. वर्गात, बाईंसमोर, याच क्रमाने.

टीचर तिला म्हणाली, "तुझी चूक नाही. तुझा मेंदू अक्षरं वेगळ्या रस्त्याने आणतो. आपण रस्ता शोधू." किती साधं बोलली! आणि मला त्या नऊ वर्षांच्या पोरीचा इतका हेवा वाटला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे. मला हे एकदा जरी कोणी म्हटलं असतं तर! एकदाच. मला तर पट्टी मिळाली आणि टोपणनाव मिळालं.

त्या दिवसापासून मी कान टवकारून बसायला लागले. डोळ्याचा दोष नाही, कानाचा नाही, आळस नाही, अक्कल कमी नाही, हे सगळं मी तिथेच ऐकलं. गोळी नसते, पण शिकवायची वेगळी पद्धत असते. परीक्षेत जास्त वेळ मिळतो, लिहायला माणूस मिळतो, शुद्धलेखनाचे मार्क कापत नाहीत. मोठ्या माणसांना पण असतं, जात नाही, फक्त ती लपवायला शिकतात. हे ऐकलं तेव्हा मी खाली मान घालून रव्याचं ताट पुसत होते.

आणि घरी भूमी होती. आठवीत. स्वतःचं नाव घाईत 'मूमी' लिहायची. पण इतिहासाचा धडा फोनवर ऐकला की शब्द न शब्द सांगायची. तिच्या शाळेतून निरोप यायचे, मुलगी लक्ष देत नाही. मी ठरवलं, विचारायचं.

सेंटरच्या मोठ्या मॅडम पॅसेजमध्ये कियाराच्या आईशी बोलत उभ्या होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, माझ्या मुलीचं पण कियारासारखंच होतं, तिची टेस्ट होईल का? मोठ्या मॅडम हसल्या. वाईट नाही हसल्या, गोड हसल्या. लहान मुलाने काहीतरी वेड्यासारखं मागितलं की हसतात तसं.

"ताई, ते वेगळं असतं. कियाराला डिसऑर्डर आहे. तुमच्या मुलांना शिकायचंच नसतं हो, आणि त्यांचा तरी काय दोष, घरात वातावरण नसतं."

तोच शब्द. सेंटरच्या सव्वीस मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये, एसीत, गोड आवाजात. कियाराची आई म्हणाली, तिला पार्लरचा कोर्स लावून दे ना, मी ओळखते एकीला. ती पण मनापासूनच म्हणाली. तेच तर जास्त लागलं. एकच चूक, पोरगी वेगळी. एकीला रवा आणि टाळ्या. दुसरीला पार्लर.

माझे कान तापले. माझ्यासमोर आई उभी राहिली, होड्यांचं सांगणारी. पण मी आता चौथीत नव्हते.

"कुठलं वातावरण, मॅडम?" मी विचारलं.

त्यांना वाटलं, मला शब्द कळला नाही. त्या समजावून सांगायला लागल्या, वातावरण म्हणजे अभ्यासाचं वगैरे. मी मध्येच थांबवलं. माझं घर तुम्ही कधी बघितलंय का, असं विचारलं. माझी मुलगी बघितली? तिचं एक पान तरी बघितलं? त्या म्हणाल्या, मी जनरल बोलतेय. मी म्हटलं, जनरल बोलू नका, माझ्याशी बोलताय ना! कियाराची आई घड्याळ बघायला लागली. मी काम सोडलं नाही. घर चालायचं होतं. पण त्या दिवसापासून मला कोणी गोड बोललं की आधी संशय येतो, आणि तो ठेवणार मी.

भूमीला मी सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे ही टेस्ट होते हे सेंटरमध्येच कानावर आलं होतं. पैसेवाल्यांना तिथे रांगेत उभं राहायचं नसतं, पण बोर्डाला चालणारं सर्टिफिकेट तिथूनच आणावं लागतं म्हणून ते पण येतात. खूप खेपा झाल्या. कान तपासले, डोळे तपासले, शाळेच्या वह्या मागितल्या. टेस्ट घेणारी मुलगी माझ्याहून लहान होती. तिने विचारलं, घरी अभ्यास कोण घेतं? मी लगेच फणा काढला. म्हटलं, वातावरणाचं विचारायचं असेल तर सरळ विचारा. ती गोंधळली. मग म्हणाली, विचारावं लागतं, मूल शाळेत नीट गेलंच नसेल तर वाचायला न येणं वेगळं असतं, ते आधी बाजूला करून बघावं लागतं. मी म्हटलं, हजेरी बघा. तिने खरंच बघितली.

भूमीने 'पानी' लिहिलं होतं, 'डोला' लिहिलं होतं. मला वाटलं, झालं, आता परत तेच. पण त्या मुलीने ते शब्द वेगळे काढले. म्हणाली, हे तुमचं बोलणं आहे, हे मी चुकीत धरत नाही. मग बाकीच्या चुका दाखवल्या. भ-म, गाळलेली अक्षरं, उलट्या वेलांट्या, न कळणारी जोडाक्षरं. त्या बोलण्यातून येत नाहीत, म्हणाली. माझ्या शाळेत जे एकात कालवलं होतं ते तिने माझ्या डोळ्यांसमोर निवडून दोन बाजूंना ठेवलं. मी तिचे आभार मानले नाहीत. मला वाटलं, हिला पण काहीतरी हवं असेल.

सर्टिफिकेट मिळालं तर भूमीच भडकली. फेरीत सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मम्मी, मी येडी आहे असं लिहून घेतलंस का तू?" मी तिला समजावलं, पण तिला पटलं नाही. तिचं पण बरोबर होतं. आमच्यासारख्यांच्या हातात आलेला कुठला कागद आजवर आमच्या भल्याचा निघाला होता?

नववीचा रिझल्ट लागला आणि शाळेने मला बोलावलं. मुख्याध्यापक सर होते, वर्गाच्या बाई होत्या. शाळेच्या गेटवर दरवर्षी बॅनर लागतो, दहावीचा निकाल शंभर टक्के. तो शंभर कसा लागतो ते त्या दिवशी कळलं. सर म्हणाले, भूमीला दहावीला बाहेरून बसवा. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरी अभ्यास करायचा, शाळेचा ताण नाही, मुलीच्याच भल्याचं. मी सर्टिफिकेट पुढे केलं. सवलती मिळतात म्हटलं. त्यांनी ते बघितलं न बघितलं. चांगलं आहे, म्हणाले, ते बाहेरून बसून पण चालेल. मग एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

म्हणजे दहावीच्या वर्षी माझी मुलगी शाळेबाहेर. शिकवणार कोण? मी? मला तर समोरचा कागद पण लागत नव्हता.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

"मराठीतच आहे, वाचा ना," सर म्हणाले.

चष्म्याचं वाक्य जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं ते आपोआप यायचं. भूमी माझ्या शेजारी उभी होती, बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला एकदम त्या वाक्याचीच किळस आली.

"मला वाचता येत नाही," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. काही झालं नाही. छत पडलं नाही. बाईंनी सरांकडे बघितलं आणि ओठ दाबले. ते बघणं मी ओळखते. सर आणखी गोड झाले. मग तर प्रश्नच नाही, म्हणाले, आम्ही सांगतोय ना काय लिहिलंय ते, तुम्ही फक्त सही करा.

"तुम्ही सांगता त्यावर माझा विश्वास नाही, सर. शब्द न शब्द वाचा. भूमी फोनमध्ये रेकॉर्ड करेल."

भूमीने फोन काढला. रेकॉर्डिंग चालू करून तो टेबलावर ठेवला. सरांनी कागद उचलला, डोळ्यांनीच एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, राहू द्या, नंतर बघू. आणि तो ड्रॉवरमध्ये टाकला.

त्यात काय होतं मला अजून माहीत नाही. पण जे मोठ्याने वाचता येत नाही त्यावर ते माझी सही मागत होते. एवढं कळायला अक्षरं लागत नाहीत.

मी उठले नाही. सर्टिफिकेटची कॉपी घ्या, बोर्डाकडे सवलतीचा अर्ज शाळेने पाठवायचा असतो तो पाठवा, आणि मिळाल्याची पोच द्या, असं सांगितलं. हे सगळं मी सेंटरच्या कोपऱ्यात बसून ऐकलेलं. पैसेवाल्या पोरांच्या आया असंच बोलतात. त्यांना चहा येतो. मला आला नाही. पोच मात्र आली, शिक्क्यासकट. तो शिक्का बरोबर आहे की नाही तेसुद्धा मी हॉस्पिटलच्या त्या मुलीला दाखवून खात्री केली.

भूमी दहावीत बसलीय. शाळेतच. शेवटच्या बाकावर बसवलंय तिला, आणि बाई तिला सर्टिफिकेटवाली म्हणतात. मी परवा जाऊन सांगून आले, नाव घ्यायचं, नावाने हाक मारायची. उद्या परत जावं लागेल, मला माहीत आहे. ती पास होईल की नाही मला माहीत नाही. अर्ज बोर्डाकडे खरंच गेलाय का, याचा पण मला संशय आहे. दर आठवड्याला जाऊन विचारते. शिपाई मला बघितलं की तोंड फिरवतो.

हॉस्पिटलच्या मुलीने मला मागे एकदा हळूच विचारलं होतं, तुमचं पण असंच होतं का? मी तेव्हा नाही म्हटलं होतं. गेल्या महिन्यात मी स्वतःहून गेले. म्हटलं, माझं पण बघा. ती म्हणाली, बघू, पण तुम्हाला परीक्षा तर द्यायची नाही, मग आता कशासाठी? मी तिला सांगितलं ते इथे पण सांगते.

मला गोष्टींची पुस्तकं वाचायची हौस नाही. पेपर वाचून मोठं व्हायचं नाही. कोणाला शाबासकी द्यायची असेल तर जवळ ठेवा. माझ्या पोरीच्या नावाने तुम्ही काय काय लिहून ठेवलंय ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. रोज रव्यात बोट फिरवते मी, भ काढते, म काढते, चुकते, परत काढते. वर्ष लागो, दहा लागोत. तुमच्या भरवशावर मी आणि माझी मुलगी खूप राहिलो. आता कागद पुढे सरकवायचा असेल तर सरकवा. मी तो तुमच्यासमोर बसून वाचणार, एकेक अक्षर लावत, कितीही वेळ लागला तरी. आणि तेवढा वेळ तुम्ही उभं राहायचं.